आग्नेय कोपऱ्यातली फरशी

साधनाचं रहाटणीत कुणाशीच पटत नव्हतं, आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. लाल वायर लाल वायरीच्या घरात, काळी काळीच्या घरात. एक जरी इकडची तिकडे झाली तरी अख्खी जुडी परत यायची, तीही बांधणाऱ्या बाईचा नंबर लावून. अशा कामात माणूस गोड बोलायला शिकत नाही. कुठेही गेली तरी तिला चुकलेलं आधी दिसायचं, आणि दिसलं की तोंडातून बाहेर पडायचं. तिचा नवरा ज्योतीराम कंपनीची बस चालवायचा. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन दोन तास गप्प बसायची त्याला सवय होती, म्हणूनच हा संसार टिकला, असं त्याच्या बरोबरीचे ड्रायव्हर म्हणत.

भूम तालुक्यातून लग्न होऊन आली तेव्हापासून ती भाड्याच्या खोल्यांत राहिली. सात खोल्या झाल्या आणि सात घरमालक. एकाने भिंतीत खिळा ठोकू दिला नाही. एकाने तिची तुळशीची कुंडी उचलून रस्त्यावर ठेवली. एक मालकीणबाई तर दारात उभी राहून बादल्या मोजायची. या सगळ्यांचा राग साधनाने नीट घडी घालून जपून ठेवला होता. शेहेचाळिसाव्या वर्षी तिने फंडातले पैसे काढले, वर बँकेचं कर्ज घेतलं आणि रहाटणीत पहिल्या मजल्यावरचा एक जुना फ्लॅट विकत घेतला. इमारतीचं नाव गोजाबाई निवास.

तीन मजले, बारा फ्लॅट, वय पस्तीस वर्षं. जमीन मूळची अण्णासाहेबांच्या घरची. तिथे त्यांचा कांदा व्हायचा. इमारत उठली तेव्हा त्यांच्या वाट्याला तीन फ्लॅट आले आणि इमारतीला त्यांच्या आईचं नाव लागलं. तेव्हापासून सोसायटीचे चेअरमन तेच. निवडणूक वगैरे भानगड त्यांनी कधी होऊच दिली नव्हती. राहायला तळमजल्यावर, बरोबर साधनाच्या खाली.

साधना किल्ली घेऊन आली त्या दिवशी ते जिन्यातच खुर्ची टाकून बसले होते.

"आलात का बाई," ते म्हणाले. "एक सांगून ठेवतो. खर्चात पडू नका. दोन वर्सात ही पाडायची हाय. बिल्डर बघून ठेवलाय आमी. रंगबिंग, फरशीबिरशी काय बी करू नका, समदं मातीत जानार."

"दोन वर्षं मी काय छत्री धरून झोपू का?" साधना म्हणाली.

"पस्तीस वर्सं लोक ऱ्हात्यातच की."

"म्हणूनच अशी दिसायलीय."

तिथेच दोघांचं बिनसलं. वर येऊन तिने घराचं दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "दोन वर्षांत पाडायची म्हणे. गळू दे ह्याच्याच डोक्यावर."

"घरात असं वेडंवाकडं बोलू नये," ज्योतीराम म्हणाला. "वास्तू तथास्तु म्हणत असते."

"अजून वास्तुशांत कुठं झालीय? म्हणणार कोण?"

अण्णासाहेबांचा तिला कितीही संताप आला तरी त्यांचं अर्धं बोलणं खरं होतं, हे तिला कळत होतं. इमारत आज ना उद्या पाडली जाणार. मग हाताशी असलेले थोडेसे पैसे घालायचे कुठे? तिने पेन्सिल घेतली आणि दोन गुरुवार, म्हणजे दोन सुट्ट्या, घरभर हिंडून प्रत्येक गोष्टीवर आकडा लिहिला. ज्याच्याने जिवाला धोका आहे त्याला एक. जे उचलून पुढच्या घरी नेता येईल त्याला दोन. जे इमारतीबरोबर ढिगाऱ्यात जाणार त्याला तीन. वायरिंगला एक, बाथरूमला एक, पाण्याच्या पाइपांना एक, बाल्कनीखाली सळई उघडी पडली होती तिला एक. पंख्यांना दोन, लोखंडी कपाटाला दोन, दुसरं नवं कपाट घ्यायचं तर तेही उभं, सुटं, भिंतीत ठोकलेलं नाही. तीनमध्ये रंग, टाइल्स, ओट्याखालची कपाटं, छताची सजावट. तीनवर एक पैसा घालायचा नाही, असं तिने जाहीर केलं.

हे ऐकायला जाऊबाई योगिनी मुद्दाम माणहून आली होती. योगिनी ज्योतीरामच्या धाकट्या भावाची बायको. त्यांचा फ्लॅट नवा, सतराव्या मजल्यावर, आणि तो सतरावा आहे हे तिच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात यायचं.

"अक्का, हॉलला फॉल्स सीलिंग तरी करून घ्या. माणसं वर बघतात हो."

"माझ्या घरी येणाऱ्याने समोर बघावं."

"आणि किचन? हा कडप्पा अजून ठेवणार?"

"कडप्प्याने तुमचं काय घोडं मारलंय? त्याच्यावर भाकरी थापता येते ना?"

योगिनीने भिंतीवरचे आकडे वाचले. हसू दाबत म्हणाली, "आमच्याकडे असं असतं तर मी माणसं बोलावलीच नसती."

"इथंही तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं," साधना म्हणाली. योगिनी चहा न घेता गेली. पुढचे दोन महिने भावाभावांचा फोन बंद होता. साधनाला ते दोन महिने शांततेचे वाटले.

काम गवंडी मालोजीला दिलं. तो गवंडीकाम आणि नळकाम दोन्ही करायचा आणि मोजकं बोलायचा, म्हणून तिला चालला. ती मात्र त्याच्या डोक्यावर उभी राहायची. जुन्या वायरी ओढून काढल्या तेव्हा एकेका खोलीत चार चार ठिकाणी नुसती टेप गुंडाळलेले सांधे निघाले. ते सांधे तिने पिशवीत भरले आणि तिन्ही मजल्यांवर दारोदार दाखवत फिरली. "तुमच्याही भिंतीत हेच आहे," असं प्रत्येकाला सांगून आली. कुणी आभार मानले नाहीत. तिने बाथरूम फोडून खालून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, मग दाराला उंबरा बांधून आत घोटाभर पाणी दोन दिवस तुंबवून ठेवलं. खाली थेंब उतरला नाही. स्वयंपाकघराची गंजलेली लाइन काढून नवा पाइप टाकला. तो भिंतीला धरून, फरशीखालून, भिंतीपासून चार बोटांवर जात होता. हे अंतर तिला तोंडपाठ होतं, कारण मालोजीने आधी तीन बोटांवर टाकला होता आणि तिने तो काढायला लावला होता.

रंग दिलाच नाही. भिंतींवर जुन्या मालकाच्या कॅलेंडरांच्या चौकटी आणि मधूनमधून एक, दोन, तीन. असंच घर ठेवलं.

फक्त एका गोष्टीत ती हटून बसली. वास्तुशांत करायची, आणि तीही नुसती पूजा आटोपून नाही, साग्रसंगीत. वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, पुरायची. एकवीस वर्षं परक्याच्या जमिनीवर राहिलेल्या बाईला आपलं असं काहीतरी जमिनीत पुरायचं होतं. ते तिने बोलून दाखवलं नाही, पण ज्योतीरामला कळलं.

"पुरायचं म्हणजे फरशी फोडावी लागणार," तो जपून म्हणाला. "आणि पाडताना तो ढिगाऱ्यातच जाणार की. म्हणजे तुझ्या हिशोबाने तीन नंबर झाला."

"त्याला नंबर लावायचा नाही," साधना म्हणाली.

वास्तुशांतीच्या दिवशी मालोजीच्या गावाकडे कुणीतरी वारलं आणि तो आलाच नाही. घर माणसांनी भरलं होतं. गुरुजी घड्याळ बघत होते. प्रतिमा ठेवायचा मुहूर्त टळायला आला आणि कोपऱ्यातली फरशी अजून जागेवरच. ज्योतीराम शेजारच्या इमारतीत गवंडी शोधायला पळाला. दाराशी उभी राहून योगिनी कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगून हसली. साधनाने नऊवारीचा काष्टा खोचला, मालोजीने मागे ठेवलेली छन्नी-हातोडी घेतली आणि स्वतः खाली बसली. चार घावांत फरशी निघाली, आणखी सात-आठ घावांत खड्डा झाला. गुरुजींनी "वा" म्हटलं. अंगठ्याएवढी तांब्याची प्रतिमा, पालथी, शेवाळ आणि पंचरत्नांसकट तिने स्वतःच्या हातांनी खड्ड्यात ठेवली. त्या क्षणी तिला खरोखर आनंद झाला होता. एवढा आनंद पूर्वी कधी झाला होता ते तिला आठवेना. वर माती आली, माती झाकायला सिमेंट आलं, फरशी बसली, तिच्यावर हळदकुंकू पडलं.

जेवणाच्या पंगतीला अण्णासाहेबही आले होते. चार पुरणपोळ्या खाऊन हात धुताना म्हणाले, "घर झाक झालंय. निस्तं रंगाचं तेवढं राह्यलं." बिनरंगाच्या भिंतीकडे बघत सगळी पंगत हसली. साधनाने ते चेहरे एकेक करून लक्षात ठेवले.

सहा आठवड्यांनी अण्णासाहेबांच्या हॉलच्या छतावर ओल आली. आधी वाटीएवढी, मग ताटाएवढी, मग बरोबर त्यांच्या कॉटवर थेंब पडायला लागले. ते काठी घेऊन वर आले आणि दार ठोठावलं.

"बाई, तुमचं न्हानीघर गळतंय."

"माझं न्हाणीघर दोन दिवस पाण्यात बुडवून बघितलंय. तुम्हाला दाखवलं होतं."

"मग माझ्या डोक्यावर काय आभाळातनं पडतंय?"

"तुमच्याच पाइपात बघा. पस्तीस वर्षांत एक तरी बदललाय का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ते खालून छताला काठीने ठोकायचे, ही वरून पाटा आपटायची. त्यांनी तिला पार्किंगमध्ये गाडी लावू दिली नाही. तिने सोसायटीच्या जिन्यातला त्यांचा खासगी दिवा काढून टाकला. त्यांनी एक इंजिनियर आणला. त्याने त्या ओलीचे फोटो काढले आणि इमारत राहायला योग्य नाही असा कागद दिला. महिन्याच्या आत अण्णासाहेबांनी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग बोलावली.

मीटिंग कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. इमारत बिल्डरला द्यायची तर बारांपैकी सात सह्या लागत होत्या आणि सहा झाल्या होत्या. सहांतल्या तीन त्यांच्या स्वतःच्याच फ्लॅटच्या. बाकीचे भिंतीला टेकून बसले होते. कोण आधी हलतं ते बघत होते.

"ह्या बाईनं घर फोडलं," अण्णासाहेबांनी सुरुवात केली. "तवापासनं गळतंय. आता बिल्डिंग सडली. रिपोर्ट हाय माझ्याकडं. पाडल्याबिगर इलाज न्हाई."

साधना उभी राहिली. "बिल्डिंग सडलीय का मी गळवायलीय? एक काहीतरी ठरवा. सडली असंल तर माझा दोष नाही. मी गळवत असंल तर ती सडलेली नाही."

मागच्या रांगेत दोघंतिघं हसले. अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला.

"मग सही का करीत न्हाई तुमी?"

"कागद वाचलाय मी. पाडल्यावर भाडं किती देणार, कधीपासून देणार, परत घर कधी देणार, तिन्ही जागा कोऱ्या आहेत. कोऱ्यावर सही करून मी परत भाड्याच्या खोलीत जाऊ? एकवीस वर्षं राहून आलेय तिथं."

"ते मागनं भरू. इस्वास हाय का न्हाई?"

"नाही."

"गळतंय तुमचंच. मान्य करा आन् सही करा."

आता इथे साधनाने गप्प बसायला हवं होतं. ज्योतीरामने तिच्या पदराला हातही लावला. पण बाथरूम तिने स्वतः बुडवून बघितलं होतं, एकेक सांधा डोळ्यांखालून घातला होता, आणि या माणसाचं तोंड तिला कायमचं बंद करायचं होतं.

"माझ्या घरातून एक थेंब जरी खाली आला असंल ना," ती म्हणाली, "तर मी तुमच्या दारात येऊन सही करते. आणि आला नसंल तर परत माझ्या दारावर काठी मारायची नाही."

"समद्यांनी ऐकलंय," अण्णासाहेब म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

पुढच्या गुरुवारी मालोजी हातपंप घेऊन आला. घरातले सगळे नळ बंद करायचे, पाइपात पंपाने दाब भरायचा आणि घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा बघायचा. काटा जागेवर राहिला तर पाइप चांगला, खाली आला तर कुठेतरी फुटलाय. साधनाला हे काम आवडलं. कंपनीत ती जुडीतली एकेक वायर अशीच तपासायची. आधी बाथरूमची लाइन. चहा झाला, दुसरा चहा झाला, काटा हलला नाही. साधनाने ज्योतीरामकडे असं बघितलं, जणू गळत असल्याचं तोच म्हणाला होता.

"आता सैपाकघराची," मालोजी म्हणाला.

काटा सावकाश खाली आला. त्याने पुन्हा दाब भरला. काटा पुन्हा खाली आला.

"पण ओल तर हॉलमध्ये आहे त्यांच्या," साधना म्हणाली.

"पाणी शिरतं एकीकडं, स्लॅबमधनं फिरत फिरत उतरतं दुसरीकडंच," मालोजी म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला आणि छन्नीच्या मागच्या टोकाने एकेक फरशी वाजवत भिंतीकडेने सरकत गेला. कोपऱ्यात येऊन थांबला. त्या फरशीवर हळदकुंकू होतं.

"ताई, हितं छन्नी कुणी मारली?"

साधना त्या फरशीपाशी उकिडवी बसली. "मी."

चार बोटं. तोंडपाठ अंतर. मुहूर्त टळत होता, योगिनी हसत होती, आणि तिने भिंतीला खेटून घाव घातले होते.

फरशी मालोजीला काढू दिली नाही. तिने आधी नमस्कार केला, मग स्वतः सांध्यात छन्नी घालून ती उचलली. खालचा चिखल हाताने उपसला. पाइपाला केसाएवढी चीर होती. तिच्यातून पाणी झिरपत होतं, आणि त्या पाण्यात वास्तुपुरुष पालथा पडला होता, हिरवा झालेला. ती त्याला हातात घेऊन भिंतीला टेकून बसली. योगिनीने, अण्णासाहेबांनी, सातही घरमालकांनी मिळून आजवर जेवढी लाज आणली नव्हती तेवढी तिला त्या वेळी वाटली. घर घेतल्याच्या दिवशीचं आपलं पहिलं वाक्य तिला आठवलं. गळू दे ह्याच्याच डोक्यावर. ज्योतीरामलाही आठवलं असावं, पण तो शहाणा माणूस होता, बोलला नाही.

मालोजीने तासाभरात पाइपाचा तेवढा तुकडा कापून नवा घातला. काटा जागेवर राहिला.

"झालं," ज्योतीराम म्हणाला. "फरशी बसवून टाकू. खालचं छत महिन्यात वाळेल. कोण बघायला येतंय?"

"मी कुनाला सांगत न्हाई," मालोजी म्हणाला.

साधनाने मान हलवली. बरोबरच होतं. गप्प बसलं की घर वाचत होतं. सातवी सही मिळणार नव्हती, छत वाळणार होतं, अण्णासाहेब तोंडावर पडणार होते. तिने हात धुतले, भात लावला, आणि खालून काठीचा ठोका आला. एकदा, दोनदा. नेहमीप्रमाणे तिचा हात पाट्याकडे गेला आणि थांबला. पाटा आपटायचा कोणत्या तोंडाने? उद्या जिन्यात हा माणूस समोर येईल, "गळतंय तुमचंच" म्हणेल, आणि तिची नजर खाली जाईल. मग रोजच जाईल. ज्या माणसाशी आयुष्यभर भांडायचं त्याच्यापुढे अशी मान खाली घालणं तिला त्याच्या कागदावर सही करण्यापेक्षा जड वाटलं. गॅस बंद करून तिने पाइपाचा कापलेला तुकडा उचलला आणि खाली गेली.

अण्णासाहेब कॉट सरकवून टीव्ही बघत होते. ओल छतभर पसरली होती, खाली बादली होती.

"हा घ्या," साधनाने तुकडा टीपॉयवर ठेवला. "माझ्याकडूनच गळत होतं. छन्नी मी मारली होती, वास्तुशांतीला. आता बंद केलंय. वाळलं की तुमच्या छताला रंग मी देते."

अण्णासाहेबांनी तुकडा उलटसुलट करून बघितला. चिरेवरून बोट फिरवलं. भांडायला काही उरलं नव्हतं. मग त्यांना मीटिंग आठवली आणि चेहरा उजळला.

"आन् सही?"

"कागद आणा."

त्यांनी आधी समोरच्या फ्लॅटमधल्या दोघांना साक्षीला बोलावलं, मग कपाटातून कागद काढला. साधनाने तो वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. पेन घेतलं. भाड्यापुढच्या कोऱ्या जागेत लिहिलं, चालू दराने, सहा महिन्यांचं आगाऊ. कधीपासून, त्यापुढे लिहिलं, भाडं हातात पडल्याशिवाय किल्ली देणार नाही.

"ह्ये काय लिवताय?" अण्णासाहेब म्हणाले.

"कोरी जागा भरतेय. आमच्या कंपनीत चेकशीटचा एक रकाना मोकळा राहिला तरी माल गेटबाहेर जात नाही."

"आसं ठरलं नव्हतं."

"सहीचं ठरलं होतं. सही तुम्हाला मिळतेय. आणि जागा मागनं भरू, असं तुम्हीच म्हणाला होता."

तिसऱ्या जागेत तिने लिहिलं, तीन वर्षांत घर, उशीर झाल्यास भाडं दुप्पट. मग खाली सही केली, मोठी, स्पष्ट, आणि सवयीने सहीपुढे कंपनीतला आपला नंबर टाकला. अण्णासाहेबांना तो कागद फाडून टाकावासा वाटत होता, पण सातवी सही त्याच्यावर होती. साक्षीला आलेल्या दोघांनी तिचं लिहिणं वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी आधी सह्या केलेल्या तिघांनीही आपले कागद परत मागितले आणि कोऱ्या जागांत तेच तसंच उतरवून काढलं. बिल्डरची माणसं आठवडाभर अण्णासाहेबांना फोन करून बोलली. ते काय बोलली ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं.

घर मात्र गेलं ते गेलंच. सही करून वर आल्यावर साधना जेवली नाही. आग्नेयेचा खड्डा तिने मालोजीला सिमेंटने भरून टाकायला सांगितला. ज्योतीराम तळहातावर वास्तुपुरुष घेऊन उभा होता.

"आता ह्याला कुठं पुरायचा?"

तिने प्रतिमा घेतली, चिंचेने घासली, तांबं लखलखीत केलं. स्टीलच्या छोट्या डब्यात मूठभर तांदूळ घातले, त्यावर ती उताणी ठेवली आणि झाकण लावलं. मग पेन्सिल शोधली. झाकणावर पेन्सिल उमटेना, म्हणून कागदाचा कपटा चिकटवला आणि त्याच्यावर दोन लिहिलं.

"त्याला नंबर लावायचा नाही, म्हणाली होतीस," ज्योतीराम म्हणाला.

"आता लावलाय."

दीड महिन्याने अण्णासाहेबांचं छत वाळलं. कबूल केल्याप्रमाणे साधनाने मालोजीला घेऊन जाऊन त्याला दोन हात पांढरा रंग दिला. स्वतःच्या घरात ब्रश लागला नव्हता, आणि पाडायच्या इमारतीतलं दुसऱ्याचं छत तिने उभं राहून रंगवून घेतलं, राहिलेले डाग बोटाने दाखवत. अण्णासाहेब बाहेर जिन्यात खुर्ची टाकून बसले होते.

दिवाळी झाली आणि फाटकावर बिल्डरचा फलक लागला. आगाऊ भाडी सगळ्यांच्या खात्यांत आली. एकेक बिऱ्हाड टेम्पोत चढायला लागलं. साधनानेही सुटं कपाट, पंखे, नव्या वायरींची वेटोळी बांधून दारापाशी रचली होती. डबा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. अण्णासाहेब काठी टेकत वर आले होते. त्यांनी दारावर काठी मारली नाही. उघड्या दारात नुसते उभे राहिले.

"बाई, तुमी त्यो काढला म्हनं," ते म्हणाले.

"कोण?"

"वास्तुपुरुस. आमच्या आईनं पुरला हुता खाली, बिल्डिंग झाली तवा. मी त्या दिवशी कांदा भरायला गेल्तो. कुठल्या फरशीखाली त्ये मला ठावं न्हाई. इचारायचं राह्यलं." त्यांनी काठीचं टोक फरशीवर टेकवलं. "उद्या मशीन येनार हाय."

साधनाच्या तोंडावर उत्तर तयार होतं. आईच्या नावाची बिल्डिंग पाडताना आठवलं नाही का, असं ते उत्तर होतं. तिने ते गिळलं. आत बसा असंही ती म्हणाली नाही. बांधलेल्या सामानातून तिने छन्नी-हातोडी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"आग्नेयला बघा. भिंतीपासून चार बोटं सोडून मारा. पाइप असतो." आणि ते वळले तेव्हा म्हणाली, "परत आणून द्या. पुढच्या घरी लागंल मला."

अण्णासाहेब जिना उतरले. थोड्या वेळाने खालून घाव ऐकू यायला लागले, हळू, थांबत थांबत, म्हाताऱ्या हाताचे. साधना वायरीचं शेवटचं वेटोळं बांधत होती. तिने कान दिला. आवाज नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून येत होता. तिने दोन घाव ऐकले, तिसरा ऐकला.

"ह्या माणसाला दिशासुद्धा कळत नाही," ती ज्योतीरामला म्हणाली, आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, चपला घालून खाली उतरली.